प्रिंटरचा एरर कोड आणि तुमची फजिती : अनुभव लिहा

काल शेजारच्यांकडे बसले होते. आतल्या खोलीतून खाट् खाट् खर्रर्र ऐकू आलं आणि मी जागेवरूनच ओरडले, "५१०० आला का?" आलाच होता!

तीन वर्षांपूर्वी लेकीचा प्रोजेक्ट सकाळी द्यायचा होता, तेव्हा रात्री साडेअकराला आमच्याकडे हाच. कार्ट्रिजची गाडी डावीकडे जाऊन आपटायची, मग नारिंगी दिवा. कार्ट्रिज काढली-घातली, चारदा बंद-चालू केलं. शेवटी प्लग काढून टॉर्च मारला. गाडीच्या मागे आडवी पारदर्शक पट्टी असते ना (एन्कोडर स्ट्रिप, हे नंतर कळलं), तिच्यावर शाईचा डाग. त्या पट्टीवर अगदी बारीक रेघा असतात, त्या मोजूनच गाडीला आपण कुठे आहोत ते कळतं. मोजणी चुकली की सुटते सुसाट. ओलसर फडक्याने पुसली तर पट्टी हुकातून निसटली, ती लावण्यात अर्धा तास! पण छापलं बाई. तुमचे किस्से येऊ द्या.

---

आमचाही ५१००. पट्टी चकाचक. आत डायनासोरची शेपूट निघाली. बाकीचा डायनासोर अजून बेपत्ता.

---

पट्टीला स्पिरिट लावू नका रे कोणी. माझ्या डागाबरोबर रेघाही गेल्या.

---

५बी०० वाले कुठे आहेत?
हेड (शाई कागदावर सोडणारा भाग) क्लिनिंग केलं की शाई खालच्या स्पंजात जाते. माझं मशीन तो स्पंज कधी बघतच नव्हतं, नुसता हिशोब ठेवत होतं. आकडा भरला की संप. मी कुठलंसं सॉफ्टवेअर शोधून आकडा शून्य केला आणि घरभर मिरवलो. आठ महिन्यांनी प्रिंटर उचलला तर खाली निळं-काळं तळं. स्पंज तोच होता ना, शाई जाणार कुठे! टेबलावरच्या डागावर आता फुलदाणी असते. बायको पाहुण्यांसमोर मुद्दाम उचलून दाखवते.

---

फुलदाणी +१. आमच्याकडे तिथे कॅलेंडर आहे.

---

बाबा प्रिंटर भिंतीवरच्या बटणानेच बंद करतात. सांगून थकले, की प्रिंटरचं बटण दाबलं तरच हेड टोपीखाली जाऊन बसतं, नाहीतर शाई सुकते. आधी काळा फिका पडला. मी क्लिनिंगवर क्लिनिंग. मग बी२००, म्हणजे हेडचाच एरर. हेड काढून मागचे पितळी ठिपके पुसले, दोन दिवस चाललं, मग कायमचं राम म्हटलं. बाबांच्या मते वीज तर वाचली.

---

माझ्याकडे स्क्रीनच नाही, दिवा लुकलुकतोय नुसता. कोड कुठे बघू?

---

लुकलुकणं मोजा ताई, तोच कोड. मध्ये मोठा थांबा येतो तिथून नव्याने. मग पुस्तिकेतला तक्ता. प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, दुसऱ्याचा बघू नका.

---

सात. नाही, आठ. थांबा, बाळ उठलं.

---

आमच्यात "पेपर जॅम" यायचा, कागद कुठेच नाही. मागचं झाकण उघडलं तर नखाएवढा कपटा. मीच हिसका देऊन कागद ओढला होता, त्याचाच कोपरा. सावकाश ओढायचा असतो म्हणे, दोन्ही हातांनी.

---

पुस्तिका कोण ठेवतं हो जपून?

---

आमचे हे. प्रिंटर गेला, पुस्तिका आहे.

---

डायनासोर मिळाला का?

---

एक पाय. कागदाच्या ट्रेमध्ये.