बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन, संध्याकाळी लगेच घरी: भुलेबद्दल सल्ला हवा

निशिगंध:
बाबा ७१ वर्षांचे. जांघेतला हर्निया, पुढच्या आठवड्यात मिरजेत ऑपरेशन. सकाळी दाखल, संध्याकाळी घरी, असं सर्जन म्हणाले. साखर आणि बीपी दोन्ही आहे, रात्री तीन-चारदा लघवीला उठतात. या वयात त्याच दिवशी घरी आणणं झेपेल का? भूलतज्ज्ञांना काय विचारू?

कृष्णाकाठ:
ताई, मी ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे. नुसतं वय आड येत नाही, पण लघवीचं भूलतज्ज्ञांना आधी सांगाच. कंबरेत इंजेक्शन दिलं की पायांबरोबर मूत्राशयही काही तास बधिर होतं. प्रोस्टेट वाढलेलं असेल तर लघवी तुंबते, नळी घालावी लागते आणि मुक्काम वाढतो. टाक्यांचं ऑपरेशन असेल तर तेवढीच जागा बधिर करूनही होऊ शकतं, तसं जमेल का विचारा. दुर्बिणीतून असेल तर बहुतेक पूर्ण भूलच.

भेट मात्र आदल्या दिवसावर ढकलू नका. गोळ्यांच्या सगळ्या स्ट्रिप्स घेऊन जा. साखरेसाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर ती साधारण ३ दिवस आधी थांबवतात. नाहीतर उपाशीपोटी रक्तात आम्ल वाढतं, आणि साखर नॉर्मल दिसत असल्यानं ते पटकन लक्षातही येत नाही. बीपीची आणि रक्त पातळ करायची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

उपासाचं म्हणाल तर हलकं खाणं ६ तास आधीपर्यंत, साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा खाण्यातच धरा! घोटभर चहामुळे ऑपरेशन पुढे ढकललेलं मी पाहिलंय, आणि ते योग्यच असतं.

मिरजकर:
घर किती लांब आहे? आमच्या आईला पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर गाडीत फार उलट्या झाल्या. बाबांना गाडी लागत असेल तर तेही सांगा, उलटीचं औषध आधीच देतात. पहिले २४ तास जवळ कुणीतरी हवंच. त्या दिवशी त्यांना गाडी चालवू देऊ नका, कागदांवर सह्याही नकोत. विमा असेल तर मंजुरीचं आधीच बघा.

निशिगंध:
दोघांचे मनापासून आभार. घर तासगावच्या पुढे आहे. आत्ताच स्ट्रिप्स पाहिल्या, डापाग्लिफ्लोझिन आहे! उद्या सकाळीच भूलतज्ज्ञांची वेळ घेते. मावशी मिरजेतच असते, त्या रात्री तिच्याकडेच थांबू.

कृष्णाकाठ:
उत्तम. घरी सोडण्याआधी लघवी झाली का आणि आधाराशिवाय चालता येतंय का, हे बघून घ्या. रात्री फोन कुणाला करायचा, तो नंबरही मागून घ्या.