गिल्बर्ट हिल बघायला जायचं का? (आपला सोसायटी ग्रुप, अंधेरी पश्चिम)

*बी-३०२ काकू:* नमस्कार मंडळी 🙏 ६ ऑक्टोबरला जिओडायव्हर्सिटी डे असतो, युनेस्कोने २०२१ मध्ये ठरवलाय, खडक, खनिजं, डोंगर ह्यांचा दिवस. आपल्या गच्चीवरून गिल्बर्ट हिल दिसते पण मुलांना विचारा काय आहे ते, कोणालाच सांगता येत नाही. त्या दिवसाच्या आसपासच्या एका सकाळी सगळ्यांनी मिळून जाऊया का?

*ए-५०१:* वरच्या गावदेवीच्या देवळात बऱ्याचदा गेलोय काकू, पण खडक असा कधी बघितलाच नाही. विशेष काय आहे त्यात?

*बी-३०२ काकू:* अरे तो साधा डोंगर नाहीये, अख्खा काळा बेसाल्ट आहे, म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेला दगड, साधारण २०० फूट उंच, वय ६ कोटी वर्षांच्या आसपास. लाव्हा थंड होताना आकसतो ना, तळं आटल्यावर चिखलाला भेगा पडतात तशा त्याला पाच-सहा बाजूंच्या भेगा पडत जातात आणि त्या खोलवर उतरतात, म्हणून ते सरळसोट खांब एकाला एक चिकटून उभे दिसतात. पायऱ्या चढायच्या आधी खालीच थांबून वर बघ, खांबांच्या कडा एकदम स्पष्ट दिसतात. अमेरिकेत असाच डेव्हिल्स टॉवर आहे, तो त्यांनी १९०६ लाच राष्ट्रीय स्मारक केला, जगभरातून लोक जातात. आपल्याकडे आजूबाजूचा सगळा दगड खाणीत गेला आणि हा एवढाच सुळका राहिला. २००७ ला महापालिकेने ग्रेड दोन हेरिटेज केला, खोदकाम बंद केलं, हे आपल्या बिल्डिंगमध्ये कितीजणांना माहितीये?

*ए-५०१:* मला आत्ता कळतंय 😮

*सी-१०४:* काकू राग मानू नका पण मला भीती वाटते. निघोजचे रांजणखळगे बघितलेत ना, कुकडीच्या पाण्यात गोटे गरगर फिरून फिरून खडकात एवढे खोल रांजण कोरले गेलेत, आम्ही गेलो तेव्हा त्यातल्या एकात प्लास्टिकच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं तरंगत होती. जागा फेमस झाली की लोक रील काढायला येतात, दगडावर नावं लिहितात. गुपचूप राहिलेलं बरं.

*बी-३०२ काकू:* तुझं खरं आहे पण गिल्बर्ट हिल गुपचूप राहिली म्हणून वाचली का? कोणाला किंमत माहीत नव्हती तेव्हाच तर चारी बाजूंनी फोडली. उद्या शेजारी कुठे ड्रिलिंग सुरू झालं तर वॉर्ड ऑफिसला तक्रार कोण करणार, बाहेरचा टुरिस्ट थोडीच करणार आहे, आपणच ना. मला गर्दी नकोच आहे, भोवतालच्या लोकांना आणि शाळेतल्या मुलांना कळलं पाहिजे एवढंच.

*डी-२०३ दादा:* एक लक्षात घ्या, पायथ्याला लागून लोकांची घरं आहेत, सुटे दगड पडले तर धोका त्यांना. त्यांच्याशी आधी बोलूया, माहिती त्यांनाही द्या, नाहीतर परत बाहेरचे येऊन शिकवून गेले असं होईल.

*बी-३०२ काकू:* हे एकदम बरोबर बोललास. तिथल्या मुलांनाही घेऊ बरोबर.

*सी-१०४:* मग मी येते. खडकाचा तुकडा कोणी उचलायचा नाही आणि खाऊ खालीच खायचा, चालेल?

*बी-३०२ काकू:* चालेल काय, हेच हवंय 👍 आणि सांगायचं राहिलं, २०२५ मध्ये महाबळेश्वर-पाचगणीचा डेक्कन ट्रॅप, म्हणजे लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला खडक, युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेलाय. आपला खडकही डेक्कन ट्रॅपमधलाच.

*सेक्रेटरी काका:* सूचना चांगली आहे. गेटजवळच्या नोटीस बोर्डावर एक माहितीचा कागद लावू, मराठी, हिंदी, गुजराती. मराठी काकू लिहितील, बाकी दोन कोण घेतंय? रविवारी सकाळी ७ ला गेटवर जमायचं, ऊन व्हायच्या आत उतरायचं, लहान मुलांबरोबर घरचं एक मोठं माणूस हवंच.

*ए-५०१:* गुजराती माझी मिसेस लिहील काका.