बंद पडलेले वाचनालय पुन्हा सुरू करताना आधी काय हाती घ्यावे?

प्रश्न:
आमच्या वस्तीतील सार्वजनिक वाचनालय चार वर्षे बंद होते. मागच्या आठवड्यात कुलूप उघडले, तेव्हा खालच्या फळीवरची पुस्तके ओलीने फुगून एकमेकांना चिकटलेली आणि काहींच्या कण्यावर हिरवट बुरशी चढलेली आढळली. वीसेक रहिवासी श्रमदानाला तयार आहेत, आणि रंगकाम करून लगेच पुस्तकदानाचे आवाहन करावे, असा बहुतेकांचा आग्रह आहे. हा क्रम योग्य ठरेल का?

प्रतिसाद १:
आवाहन तूर्त थांबवावे, असे मी आग्रहाने सांगेन. आम्ही घाई केली आणि पोत्यांतून आली ती कालबाह्य क्रमिक पुस्तके. ती निवडण्यातच दोन महिने गेले.

आधी ओल कुठून येते ते शोधा. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी पुन्हा धरतेच, मग भिंतीला कितीही रंग लावा. कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. बुरशी लागलेली पुस्तके वेगळी काढून, कडक उन्हात न टाकता, वाऱ्यावर सावलीत वाळवा आणि ती पूर्ण कोरडी झाल्यावरच, मुखपट्टी बांधून, मऊ ब्रशने उघड्यावर झटका. कसर लागलेली मोजकी दुर्मीळ पुस्तके घट्ट बंद पिशवीत घालून उणे २० अंशांवर आठवडाभर ठेवल्यास कीड अंड्यांसकट मरते. फाटक्या पानांना चिकटपट्टी मात्र लावू नका. तिचा डिंक पिवळा पडून कागदात उतरतो.

प्रतिसाद २:
वरील सूचनांशी सहमत आहे, पण त्याआधी दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमांकासह नोंद असलेली वही, शोधावी. प्रत्येक पुस्तकाचा दाखल क्रमांक तिच्याशी ताडून पाहिल्याशिवाय काय उरले, काय गहाळ झाले आणि काय बाद करायचे हे ठरत नाही. शिवाय पुस्तके संस्थेच्या मालकीची असल्याने निर्लेखनाला, म्हणजे ती नोंदीतून रीतसर कमी करण्याला, कार्यकारिणीचा लेखी ठराव लागतो. श्रमदानाच्या उत्साहात रद्दीत गेलेले पुस्तक परत मिळत नाही. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी शेवटचे सूत्र ग्रंथालयाला वर्धिष्णू संस्था म्हणते. आमच्याकडे त्याचा अर्थ केवळ ढीग वाढवणे असा घेतला गेला, हे दुर्दैव.

प्रतिसाद ३:
माझे मत थोडे वेगळे आहे. सगळी यादी पूर्ण होईपर्यंत दार बंद ठेवाल, तर श्रमदानाला आलेली माणसेही पांगतील. एक कोरडी खोली, तपासून झालेली दोनशे पुस्तके आणि रोज संध्याकाळचे ठरलेले दोन तास एवढ्यावर देवघेव सुरू करा. मात्र ती वेळ एक दिवसही चुकवू नका, कारण कुलूप पाहून परतलेला वाचक सहसा पुन्हा येत नाही.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. नोंदवही टेबलाच्या खणात सापडली. सुरुवातीची काही पाने चिकटली आहेत, पण पुढचे क्रमांक वाचता येतात. रंगकाम पुढे ढकलले असून, रविवारी दोघे नोंदी वाचतील आणि बाकीचे कपाटे ओढतील.