साथीला फिरणाऱ्यांनो, वाजवायला सगळ्यात भारी आणि सगळ्यात वाईट जागा कुठली?

तबला_कोथरूड: नमस्कार मंडळी. मी पुण्याचा, गायकांबरोबर साथीला गावोगाव फिरतो. मला अजूनही घरगुती बैठकीसारखं काही नाही, पन्नासेक माणसं सतरंजीवर, माईक नसला तरी चालतं, तंबोरा थेट कानात येतो आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, समोरच्याची मान हललेली दिसते. सगळ्यात वाईट म्हणजे थंडीतले लॉन्सवरचे कार्यक्रम. दव पडायला लागलं की पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, सैल पडते, नीट लावलेला तबला बघता बघता सुरातून उतरतो, मग दर बंदिशीनंतर हातोडी काढा. तुमचं सांगा, वाईट जागांची नावं नकोत, फक्त त्रास काय झाला ते.

पेटीवाली: लॉन्सचं अगदी पटलं, पण मला त्याहून त्रास एसी हॉलचा. एकदा स्टेजवर थेट ब्लोअरखाली बसवलं होतं. गारव्यानं तार आखडते म्हणून सतार चढते, बासरी उतरते आणि माझी पेटी आहे तिथंच, म्हणजे तिघं तीन ठिकाणी! विनंती करूनही एसी कमी केला नाही, वर प्रेक्षकांना उकडतं म्हणाले. भारी जागा विचाराल तर पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर, १९६८ पासून उभं आहे आणि तिथं आलेलं पब्लिक ऐकायला आलेलं असतं, हे स्टेजवर लगेच कळतं.

साऊंड_पुणे: मी साऊंड करतो. मंगल कार्यालय, खाली फरशी, वर पत्रा, यापेक्षा अवघड काही नाही. आवाज इतका घुमतो की द्रुत लयीत तबल्याचे बोल एकमेकांत मिसळतात आणि संयोजक मागून ओरडतात आवाज वाढवा, वाढवला की अजून बिघडतं. स्पीकर प्रेक्षकांच्या जवळ घ्या, आवाज कमी ठेवा, सतरंज्या अंथरा, मागं जाड पडदे लावा. आणि रिकाम्या हॉलमधल्या साऊंडचेकवर विसंबू नका, माणसं भरली की आवाज शोषला जातो, सगळं परत लावावं लागतं.

रसिक_नारायणपेठ: मी वाजवत नाही, ऐकतो. सवाई गंधर्व महोत्सवाचा मांडव रमणबागेतून मुकुंदनगरला गेला तरी थंडीत शाली गुंडाळून बसलेले लोक तेच. पण उघड्यावर रात्री दहाला स्पीकर बंद, परवानगीचे दिवस सोडून. दरबारीसारखा उशिरा रात्रीचा राग निवांत ऐकायचा तर बंद सभागृहच पाहिजे, तिथं हा नियम आडवा येत नाही.

तबला_कोथरूड: @साऊंड_पुणे, सतरंज्यांचं पुढच्या वेळी करून बघतोच. एक सांगा, अशा घुमणाऱ्या हॉलमध्ये डग्ग्याला, म्हणजे जोडीतल्या खर्जाच्या वाद्याला, वेगळा माईक द्यायचा का? आमच्याकडे त्यावरून दर वेळी वाद होतो.

साऊंड_पुणे: द्या, पण त्याचा खालचा खर्ज कापा. घुमण्यातला निम्मा त्रास तिथूनच येतो.