कथेत ट्रान्स नायिका लिहिताना: निवेदन, बोली आणि शेवट

रानजाई:
एक दीर्घकथा लिहितेय, मदत हवीय. नायिका ट्रान्सवुमन आहे, तिशीतली, कोल्हापुरात झेरॉक्सच्या दुकानात डीटीपी करते, आईसोबत राहते आणि आई अजून जुन्याच नावाने हाक मारते. अडकलेय ती लहानपणीच्या प्रसंगांपाशी. निवेदनात 'तो शाळेत गेला' लिहिलं तर वाटतं की खरा तोच होता, 'ती गेली' लिहिलं तर त्याच पानावर आईचं 'आलास का रे' येतं. मी स्वतः ट्रान्स नाही, त्यामुळे धास्ती आहेच. शेवटही सुचत नाहीये.

पारवा:
निवेदनात पहिल्या पानापासून 'ती'च ठेव, प्रसंग सातवीतला असला तरी. आई, मास्तर काय म्हणतात ते त्यांच्या तोंडी येऊ दे, ते त्यांचं म्हणणं आहे, वाचकाला फरक कळतो. आणि संवादात मराठीचा फायदा घे ना. 'मी गेलो' म्हटलं की सगळं उघड होतं पण 'मला भूक लागलीय', 'मी चहा घेतला', 'माझं जेवण झालं' यात बोलणारा कोण ते कळतच नाही. घरी सांगायच्या आधीच्या काळात ती आईशी अशीच वाक्यं जुळवून बोलेल, आणि मग कधीतरी मैत्रिणीला फोनवर पहिल्यांदा 'निघाले गं' म्हणेल. एवढं पुरे, आरशासमोर साडी नेसायचा सीन कृपा करून नको, तो फार वेळा येऊन गेलाय.

रंकाळ्याकाठी:
पारवा, पटलं, पण कोल्हापुरात हे असंच्या असं चालणार नाही. आमच्याकडं पोरीबाळीसुद्धा सर्रास 'मी जेवलो', 'मी येतो' म्हणतात. म्हणजे तिला लहानपणी त्याचा आडोसाच मिळालेला असणार. आणि मोठेपणी बाकीच्या बायका 'आलो' म्हणत असताना ही हट्टानं 'आले' म्हणेल का, हे ठरवा, त्यातच तिचा स्वभाव दिसेल. समोरच्याला बोलताना मात्र आमच्यातही 'आलास' आणि 'आलीस' वेगळंच, त्यामुळं खरं लक्ष आईच्या बोलण्याकडं ठेवा. अजून एक, कोल्हापूर म्हटलं की यल्लमा देवी, तिचं सौंदत्तीचं देऊळ, देवीला वाहिलेला बाईच्या वेशातला जोगता आणायचा मोह होतो. ती परंपरा खरी आहे, पण डीटीपी करणाऱ्या बाईच्या कथेत उगाच घुसडू नका.

सायली_टी:
मी ट्रान्स आहे म्हणून सांगते, जुनं नाव वाचकाला कळायची काहीच गरज नाही. आई हाक मारते एवढं लिहिलंस तरी भागतं. ऑपरेशन झालंय का हेही सांगू नकोस, ट्रान्स लोकांच्या हक्कांबद्दलच्या २०१४ च्या नालसा निकालात सुप्रीम कोर्टाने ओळखीसाठी ऑपरेशनची सक्ती बेकायदा ठरवली होती, तरी लोक आधी तेच विचारतात. त्यापेक्षा कागदपत्रं आण कथेत! ट्रान्स लोकांसाठीचा २०१९ चा कायदा आल्यावर ओळखीच्या, जिल्हाधिकाऱ्याच्या सर्टिफिकेटसाठी अर्ज, मग आधार, पॅन, बँकेचं केवायसी आणि दहावीचं मार्कशीट तर जुन्या नावाचंच. तुझी नायिका दिवसभर नव्या लग्न झालेल्या मुलींचे गॅझेटमधल्या नावबदलाचे फॉर्म भरून देत असेल, फोटो स्कॅन करून फॉर्मला लागतो तेवढ्या केबीमध्ये बसवत असेल, आणि तिचा स्वतःचा अर्ज त्याच कम्प्युटरवर अर्धवट सेव्ह केलेला. हे मला वाचायला आवडेल.

उंबरठा:
शेवटाबद्दल बोलतो, मी गे आहे. विजय तेंडुलकरांनी १९८१ मध्ये 'मित्राची गोष्ट' हे नाटक रंगमंचावर आणलं हे मोठं धाडस होतं, पण त्यातली बाईवर प्रेम करणारी मित्रा शेवटी जीव देते. आज चाळीसेक वर्षांनीही आमच्यातलं पात्र आलं की ते मरणार किंवा मुंबईला पळून जाणार हे वाचक आधीच धरून चालतो. तिला कोल्हापुरातच राहू दे, भाडं भरू दे, आईशी भांडू दे. सगळं गोड कर असं नाही म्हणत मी, दुःख दाखव, पण ती जगली पाहिजे.

रानजाई:
सगळ्यांचे आभार, 'आलो-आले'चं तर डोक्यातही नव्हतं. निवेदन 'ती'च ठेवते. सायली, पहिला खर्डा झाला की वाचशील का? मानधन देईन, तू सांगशील तेवढं.

सायली_टी:
वाचते. मेसेज कर, पण आईचे संवाद आधी रंकाळ्याकाठी यांना दाखव, ती बोली मला जमत नाही.