आईची अर्धशिशी आणि रोजची डोकेदुखीची गोळी : कशी सोडवावी?

नमस्कार मंडळी,

आईला तरुणपणापासून डोकेदुखी आहे. डोक्याची एकच बाजू ठणकते, मळमळतं, उजेड-आवाज नकोसा होतो. कपाळाला फडकं आवळून ती अंधारात पडून राहते. उलटी झाली की बरं वाटतं, म्हणून घरात सगळे पित्ताचाच त्रास समजत आलो. गेल्या वर्षभरात मात्र जवळजवळ रोजच दुखतं. सकाळी उठतानाच डोकं जड. मेडिकलमधून आणलेली गोळी घेतल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नाही.

न्यूरॉलॉजिस्टना दाखवलं. ते म्हणाले, मूळ दुखणं अर्धशिशीचं, पण रोजचं हे दुखणं गोळ्यांच्या अतिवापराने जडलंय. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, कॅफीन वगैरे असलेली मिश्र गोळी १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की हे होऊ शकतं. आता ती गोळी बंद करायची आहे. अर्धशिशी रोखायचं औषध रात्री सुरू केलंय.

आई फार घाबरली आहे. "गोळी नाही घेतली तर मला उभंच राहवणार नाही," म्हणते. तिची भीती खोटी नाही, सुरुवातीला दुखणं वाढेल असं डॉक्टरांनीही सांगितलंय. तुमच्या घरी कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा, ते दिवस कसे काढले? शिवाय संकष्टीला ती चंद्रोदयापर्यंत काही खात नाही आणि त्या दिवशी हमखास दुखतं. तिला कसं समजवावं?

प्रतिसाद :
माझ्या बायकोचं हेच झालं होतं. गोळी सुटल्यावरचा त्रास साधारण २ ते १० दिवस असतो. त्या काळात स्वयंपाक पूर्णपणे तुम्ही हातात घ्या, नुसती मदत पुरत नाही. अगदीच असह्य झालं तर काय घ्यायचं, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून आणा. रात्रीच्या औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात, तोवर "उपयोग नाही" म्हणून सोडू देऊ नका. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुखलेल्या दिवशी फुली आणि गोळी घेतली तर गोल करा. पुढच्या भेटीत डॉक्टरांना त्याचाच सर्वांत जास्त उपयोग झाला. उपवास मोडायला सांगू नका, दर दोन-तीन तासांनी दूध, केळं, राजगिऱ्याचा लाडू द्या. उपाशी राहिलं की अर्धशिशी उठू शकते. आणि कधी एकाएकी भयंकर डोकं दुखलं, तापाबरोबर मान आखडली, बोलणं अडखळलं किंवा हातपाय लुळे पडले, तर अर्धशिशी समजून थांबू नका, तडक इस्पितळात न्या.

धागाकर्ता :
मनापासून आभार. स्वयंपाकाचं आजच ठरवतो. एक राहिलं, तिचा चहा दिवसातून चार-पाच वेळा होतो. तोही बंद करायचा का?

प्रतिसाद :
एकदम नको. कॅफीन अचानक तुटलं तरी डोकं दुखतं. आधी गोळी सुटू द्या, मग आठवड्याला एकेक कप कमी करा. संध्याकाळनंतरचा कप सगळ्यात आधी बंद करा, झोपही सुधारेल.