थ्रिलरचा शेवट फसलाय, पूर्ण क्लायमॅक्स रीशूट करावा का?

धागाकर्ती:
आमची १६ मिनिटांची विद्यार्थी थ्रिलर आहे. बंद घर, दोन बहिणी, हरवलेली किल्ली. रफ कट (पहिलं कच्चं संकलन) वर्गातल्या नऊ जणांना दाखवला. थोरली खिशातून किल्ली काढते तेव्हा कुणी दचकलंच नाही. तिघांनी तर विचारलं, "ही कुठली किल्ली?" मला वाटतं, क्लायमॅक्स दोन रात्रींत अख्खा नव्याने शूट करावा.

प्रतिसाद १ (एडिटिंग करतो):
घाई करू नका. तिघांच्या प्रश्नातच निदान आहे. दुखतंय शेवटाला, पण मूळ सुरुवातीत आहे. थ्रिलरचा दिग्दर्शक हिचकॉक टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण द्यायचा: बॉम्ब अचानक फुटला तर क्षणभर धक्का, तो तिथे आहे हे प्रेक्षकाला आधीच कळलं, तर वरच्या साध्या गप्पाही जीव टांगणीला लावतात. तुमच्या प्रेक्षकाने किल्ली आधी पाहिलेलीच नाही. दुसऱ्या मिनिटाला एक इन्सर्ट, म्हणजे वस्तूचा जवळून घेतलेला छोटा शॉट, टाका: ड्रॉवर, थोरलीचा हात, किल्ली. अर्ध्या दिवसाचं काम.

प्रतिसाद २ (कॅमेरा करते):
मला नाही पटत. इन्सर्टने माहिती मिळेल, भीती नाही. किल्ली दिसल्यावर धाकटीचा चेहरा दाखवलाय का?

धागाकर्ती:
नाही. सगळा प्रसंग एकाच वाइडमध्ये (लांबून घेतलेल्या शॉटमध्ये) आहे. उजाडायला लागलं, तिचा क्लोजअप राहूनच गेला.

प्रतिसाद १:
मग जेवणाच्या प्रसंगातलं फुटेज चाळा. 'ॲक्शन'च्या आधीचे आणि 'कट'नंतरचे सेकंदसुद्धा. नट निवांत असतात तेव्हा एखादी खरी नजर सापडते. सोव्हिएत दिग्दर्शक कुलेशोव्हने एकच निर्विकार चेहरा सूपच्या ताटलीला आणि शवपेटीला जोडला आणि प्रेक्षकांना त्यात वेगवेगळे भाव दिसले.

प्रतिसाद २:
तिथे चेहरा निर्विकार होता, म्हणून चाललं. इथे मुलगी दाराकडे सरकतेय, श्वास चढलाय. शिवाय जेवणाचा प्रसंग पिवळ्या दिव्यात, क्लायमॅक्स खिडकीच्या निळ्या उजेडात. रंग जुळवता येईल, पण डाव्या गालावरची सावली उजवीकडे नेता येत नाही. एक रात्र तरी रीशूट कराच. फक्त १८० अंशांची रेषा (दोघींना जोडणारी काल्पनिक रेषा, कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा) जुन्या वाइडवरूनच ठरवा, नाहीतर दोघी एकाच दिशेला बघताना दिसतील.

प्रतिसाद ३ (कंटिन्युइटी पाहते):
तारीख ठरवण्याआधी दोन गोष्टी करा. जिथे नवा शॉट हवा तिथे फोनवर काढलेला कच्चा शॉट टाकून कट पुन्हा दाखवा, पण नव्या लोकांना. त्या नऊ जणांना शेवट माहीत आहे. दुसरं, जुन्या फुटेजमधल्या फ्रेम्स सेटवर सोबत ठेवा. कुणाची बाही दुमडलेली, केस कानामागे की पुढे, हे आठवणीवर सोडू नका. आणि रिकाम्या खोलीचा तीस सेकंदांचा आवाज घ्या, नाहीतर नवा शॉट कानाला लगेच वेगळा लागतो.

धागाकर्ती:
केसांचीच अडचण आहे. धाकटीने ते खांद्यापर्यंत कापलेत.

प्रतिसाद २:
क्लोजअप घट्ट घ्या, कपाळापासून हनुवटीपर्यंत. मागचे केस फ्रेममध्ये येतच नाहीत.

धागाकर्ती:
मग पूर्ण क्लायमॅक्स नको. एक रात्र: धाकटीचा क्लोजअप आणि ड्रॉवरमधली किल्ली. आज फोनवर दोन्ही काढून कटमध्ये बसवते.

प्रतिसाद १:
आधी फक्त किल्ली बसवून दाखवा. माझं अजूनही म्हणणं आहे, क्लोजअप लागणार नाही.